पॉल आणि कॅथरीन
रशियाची सम्राज्ञी कॅथरीन (दुसरी) हिला पोटच्या पोराची, म्हणजे पॉलची, माया नव्हती, असं म्हणतात. तिची बाजू घेत नाही, पण माया लागायला मूल जवळ तर हवं! १७५४ मध्ये पॉल जन्मला आणि रशियाची तेव्हाची महाराणी एलिझाबेथ हिने त्याला लगेच आपल्याकडे नेलं. बाळंतीण तशीच पडून. पाणी मागितलं तर तेही कुणी देईना, असं तिनेच लिहून ठेवलंय.

पुढे मात्र सुनेच्या, पॉलच्या बायकोच्या, वाट्याला कॅथरीनने तेच आणलं. अलेक्झांडर (१७७७) आणि कॉन्स्टंटिन हे नातू स्वतःकडेच ठेवून घेतले. आजी म्हणून हौस दांडगी: अलेक्झांडरसाठी एका झटक्यात चढवता येईल, मागून बंद होईल असा अखंड कपडा स्वतः बेतला. स्वीडनच्या राजानेही त्याचा नमुना मागवून घेतला! पॉलची बोळवण १७८३ मध्ये राजधानीबाहेरची गातचिनाची जहागीर देऊन केली.