मदत हवी आहे: म्हाताऱ्या मूलपेशी शेजारच्या तरुण पेशींना थकवतात, पण कशाच्या जोरावर?

नमस्कार मंडळी,

पेशीसंवर्धनात मुरलेल्यांनी जरा मार्ग दाखवा. मी अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल मूलपेशींवर (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या) काम करते. प्लास्टिकवर वाढवल्या की काही पॅसेजनंतर (एका डिशमधून नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) त्या मंदावतात, पसरट होतात आणि विभाजन थांबतं. हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ साली फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतीतल्या पेशींमध्ये दाखवलं तेच हे. टेलोमिअर (गुणसूत्रांची झिजणारी टोकं) वगैरे पेशीच्या आतला हिशोब समजतो. घोडं अडलंय ते शेजाऱ्यांपाशी.

एकाच दात्याच्या पेशींचे दोन गट केलेत. सुरुवातीच्या पॅसेजच्या पेशींत जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन घातलंय, म्हणजे त्या हिरव्या दिसतात. उशिराच्या पॅसेजच्या पेशी बीटा-गॅल या म्हातारपण ओळखण्याच्या रंगचाचणीने बहुतेक निळ्या होतात. दोन्ही एका डिशमध्ये मिसळल्या की हिरव्या पेशी लवकर थकतात. त्यातही मोठ्या, पसरलेल्या म्हातारीच्या कडेला चिकटलेल्या हिरव्या पेशी आधी रुंदावतात. चार पेशी सोडून पलीकडच्या मात्र अजून निमुळत्या आणि चपळ.

ट्रान्सवेलमध्ये (पडद्याने दोन मजले केलेली डिश) ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर म्हाताऱ्या आणि खाली तरुण ठेवल्या तर परिणाम पुसट दिसतो. म्हाताऱ्यांचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढल्या तो द्रव, गाळून तरुणांना दिलं तर जवळपास काहीच नाही. आणि २०१३ साली तर याच प्रकारच्या पेशींत, म्हाताऱ्यांच्या मीडियममधली आयजीएफबीपी-४ आणि आयजीएफबीपी-७ ही प्रथिनं तरुणांना म्हातारं करतात असं दाखवलं गेलं आहे! मग माझ्याकडे स्पर्शच लागतो असं समजू का? गॅप जंक्शनमुळे, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म नळ्यांमुळे? ते सिद्ध कसं करायचं?

प्रतिसाद १

घाई करू नका. मीडियमने काही झालं नाही म्हणजे स्पर्श लागतो, हा निष्कर्ष निघत नाही. एकत्र वाढताना शेजारीण तासन्‌तास स्रवत असते, तेही अगदी अंगाला लागून. मीडियम म्हणजे एकदाच दिलेला पातळ डोस. त्यातून ते गोठवलं असेल तर काय टिकलं कोण जाणे. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे अल्पजीवी रेणू तर हमखास जातात. मीडियममध्ये पायरुव्हेट असेल तर ते त्याचा तिथल्या तिथे फडशा पाडतं.

ट्रान्सवेलचंही तसंच. एक्सोसोम (पेशींनी बाहेर सोडलेल्या इवल्या पिशव्या) ३० ते १५० नॅनोमीटरचे, म्हणजे ०.४ मायक्रॉनमधून आरामात जातात. पण पडदा आणि तळ यांत साधारण मिलिमीटरभर अंतर असतं, आणि पेशीच्या हिशोबाने ते फार झालं. ताजं गोळा केलेलं मीडियम निम्मं आणि नवं निम्मं असं रोज बदलून पाहा. शेजारी तरुण पेशींचं मीडियम, तेवढ्याच पेशीसंख्येमागे गोळा केलेलं, हवंच. नाहीतर उद्या परिणाम दिसला तरी तो संदेशाचा की संपलेल्या ग्लुकोजचा, हा वाद उरेल.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण स्पर्शाची शंका मला रास्त वाटते. कडेच्या पेशी आधी जाणं हे बोलकं आहे. २०१२ मध्ये फायब्रोब्लास्टवर झालेल्या कामातही गॅप जंक्शन आणि ऑक्सिजनचे मुक्त मूलक या दोन्हींकडे बोट दाखवलं होतं.

आधी वाट उघडी आहे का ते बघा. म्हाताऱ्या पेशींत कॅल्सीन-एएम हा हिरवा रंग भरा, त्यांच्या पटलाला लाल डायआय हा रंग लावा आणि बिनरंगी तरुण पेशींवर सोडा. जी पेशी हिरवी झाली पण लाल नाही, तिला कॅल्सीन जंक्शनमधून मिळालं. जीएफपीवाल्या पेशी इथे घेऊ नका, हिरव्यात हिरवं काय कळणार?

मग म्हाताऱ्यांमध्ये एसआय-आरएनएने (ठरावीक जनुक गप्प करणारे आरएनएचे तुकडे) कनेक्सिन-४३ हे गॅप जंक्शनचं प्रथिन कमी करा. त्या विभागत नाहीत, त्यामुळे एसआय-आरएनए वाटलं जाऊन विरळ होत नाही. ही तुमच्या मांडणीची जमेची बाजू. गॅप जंक्शन अडवणारं कार्बेनॉक्सोलोन वापरायचं तर जपून, ते पॅनेक्सिन या वेगळ्या वाहिन्यांनाही अडवतं. शिवाय स्पर्श म्हणजे फक्त गॅप जंक्शन नव्हे. नॉच हा पेशीपटलावरचा संदेशमार्गही शेजारणीला हात लावूनच निरोप देतो.

प्रतिसाद ३

एक खडूस प्रश्न: हिरव्या तरुण पेशी बिनरंगी तरुण पेशींत, त्याच घनतेला मिसळल्या होत्या का? धाग्यात दिसलं नाही. म्हातारी पेशी कितीतरी जागा अडवते, त्यामुळे दाटी बदलते. आणि दाटी हा काही निरुपद्रवी घटक नाही. पेशी खेटून असल्या की एमटॉर (वाढीला चालना देणारा संदेशमार्ग) मंदावतो आणि सेनेसन्सकडे, म्हणजे पेशीच्या म्हातारपणाकडे, जाणं रोखलं जातं, असं २०१४ च्या कामात आलं आहे. उलट भरगच्च डिशमध्ये बीटा-गॅल खोटं निळं येऊ शकतं. तो रंग पीएच ६.० ला हवा आणि कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये अजिबात नको, पीएच घसरतो. निव्वळ रंगावर विसंबू नका. हिरव्या पेशी वेगळ्या करून पी१६, पी२१ ही विभाजन रोखणारी प्रथिनं बघा, जोडीला नवा डीएनए बनतोय का ते दाखवणारं ईडीयू लावा. ईडीयूच्या तांब्याच्या अभिक्रियेत जीएफपी विझतं, तेव्हा जीएफपीची अँटिबॉडी लावावी लागेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मीडियम सीरमविना रात्रभर ठेवून गोळा केलं, उणे ८० ला गोठवलं आणि एकदाच दिलं, पायरुव्हेटही आहे. तरुण-तरुण मिश्रणाची डिश आहे, पण घनता पेशी मोजून सारखी ठेवली होती, व्यापलेल्या जागेवरून नाही. आता दोन्ही प्रकारे लावते. कनेक्सिन घटवूनही हिरव्या थकल्याच, तर पुढे नॉच आधी की स्राव आधी?

प्रतिसाद २

नॉच आधी. नॉचचा निरोप पुढे न्यायला लागणारं गॅमा-सिक्रेटेज हे विकर अडवणारं डीएपीटी टाकून त्याच डिशमध्ये उत्तर मिळेल, नवी मांडणी लागत नाही. फक्त नुसत्या हिरव्या पेशींनाही डीएपीटी देऊन ठेवा, त्याचा स्वतःचा परिणाम किती ते कळायला. मीडियमचा प्रयोग तोवर पायरुव्हेटविना एकदा करून टाका.