बिग बॉस ओटीटी बंदच झालं का? आणि मराठीचे दिवस का कापले?

सुदामानगरची_सून (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा कमी, सासूबाईंचा जास्त. त्यांना बिग बॉसचं वेड आहे आणि ते लपवायचंही वेड आहे. बेल वाजली की रिमोट दाबून भजनाचं चॅनेल.

2023 मध्ये ओटीटीचा, म्हणजे ॲपवरच्या धाकट्या बिग बॉसचा, दुसरा सीझन जिओसिनेमावर फुकट होता, तो नातवाने त्यांना टीव्हीवर लावून दिला. 2024 ला तिसरा, अनिल कपूरवाला. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की पाऊस लागला की ओटीटी लागतं. 2025 ला पाऊस लागला, कैरीचं लोणचं मुरलं, ओटीटी काही लागलं नाही. ऑगस्टच्या शेवटी थेट मोठा बिग बॉस, एकोणिसावा, तोही टीव्हीवर रात्री साडेदहाला. साडेदहाला आमच्याकडे कवळी ग्लासात गेलेली असते.

दुसरी तक्रार त्याआधीची. मराठीचा पाचवा सीझन, रितेश देशमुखचा, शंभर दिवसांचा असतो असं समजून आम्ही बसलो होतो, तो सत्तर दिवसांत आटोपला. आमच्या भिशीत त्या दोन-अडीच महिन्यांत दुसरा विषय नव्हता. एवढं रंगलेलं कोणी मध्येच उचलतं का?

तर विचारायचं हे की लोक बघत असलेला कार्यक्रम कशावरून बंद करतात, आणि ठरवतं कोण? या लायनीतलं कोणी असेल तर सांगा. "चॅनेलवाल्यांची मर्जी" हे उत्तर नको, ते घरात मिळतं.

छप्पनवाला

सोपंय. भाईजानने पैसे वाढवून मागितले असतील, खेळ खलास. एवढ्यासाठी धागा काढला भिया?

रिलीज_ऑर्डर (इंदूर, आता निवृत्त)

छप्पनवाले, ओटीटीचा पहिला सीझन करण जोहरने केला, तिसरा अनिल कपूरने. सलमान फक्त दुसऱ्यात होता. आणि भिया नाही, ताई आहेत त्या.

ताई, मी चॅनेलमध्ये कधीच नव्हतो, समोरच्या बाजूला होतो. इंदूरच्या एका एजन्सीत मीडियाचं काम. नमकीनवाल्याचे, सोयाबीन तेलवाल्याचे पैसे घ्यायचे आणि त्यातून चॅनेलवर दहा-दहा सेकंद विकत घ्यायचे. त्यामुळे कार्यक्रम चांगला की वाईट हे मला आजही कळत नाही. तो कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कशाच्या मागे-पुढे लागलाय, हे मात्र झोपेतही दिसतं. ओटीटीची गोष्ट त्या कॅलेंडरात आहे.

मोठा हिंदी बिग बॉस साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. नवरात्र-दिवाळीचं जाहिरातीचं बजेट तिथे ओतलं जातं. मग प्रश्न उरतो मधल्या पावसाळ्याचा. 2021 मध्ये ओटीटी जन्मलं ते ऑगस्टमध्ये, वूट ॲपवर, आणि 18 सप्टेंबरला संपलं. 2 ऑक्टोबरला पंधरावा सीझन सुरू, आणि त्यात ओटीटीतलेच शमिता शेट्टी, निशांत भट, प्रतीक सहजपाल आत गेले. म्हणजे तेव्हा ते मोठ्या शोचं बालवर्ग होतं.

मग काम बदललं. 2023 पासून आयपीएल जिओसिनेमावर आली. आयपीएल मेअखेर संपते. दोन महिने रोज संध्याकाळी जे लोक ॲप उघडत होते ते जूनमध्ये काय उघडणार? दुसरा ओटीटी सुरू झाला 17 जून 2023 ला. तिसरा 21 जून 2024 ला. मी असतो तर मीही तिथेच लावला असता. दुसरा तर दोन आठवडे वाढवला, 14 ऑगस्टपर्यंत नेला, आणि वाइल्ड कार्डने आलेला एल्विश यादव जिंकला. चालला म्हणूनच वाढवला, यात शंका नाही.

आता 2025 बघा. 14 फेब्रुवारीला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. जून-जुलैत त्यांच्याकडे भारत-इंग्लंड कसोट्या होत्या, 20 जून ते 4 ऑगस्ट, पाचच्या पाच. म्हणजे ओटीटी ज्या सहा-सात आठवड्यांत बसायचं ती जागा क्रिकेटने भरलेली. शिवाय मोठा बिग बॉसच ऑक्टोबर सोडून 24 ऑगस्टला पुढे आणला, आणि नवा भाग आधी ॲपवर रात्री नऊला, मग कलर्सवर साडेदहाला. ओटीटीचं वेगळेपण काय होतं? ते आधी मोबाइलवर दिसायचं. आता मोठाच आधी मोबाइलवर दिसतो. मग धाकट्यासाठी वेगळं घर, वेगळा होस्ट, वेगळं बक्षीस आणि वेगळे प्रायोजक कोण शोधत बसेल? कार्यक्रम पडला म्हणून नव्हे, त्याची नोकरी दुसऱ्याला मिळाली म्हणून तो दिसत नाही, असा माझा हिशोब आहे. (हिशोब माझा. चॅनेलच्या बंद खोलीत मी नव्हतो.)

दोघांना एकत्र चालवून बघायचा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. 2005 मध्ये एनबीसी चॅनेलने ट्रम्प यांचा 'अप्रेंटिस' हा रिॲलिटी शो गुरुवारी आणि त्याचीच मार्था स्टुअर्ट यांची आवृत्ती बुधवारी, एकाच मोसमात लावली. मार्थाबाईंचा एक सीझन झाला, दुसरा आला नाही.

साडेदहाचं तर मला राहून राहून नवल वाटतं. कलर्स आणि स्टार प्लस नोव्हेंबर 2024 पासून एकाच कंपनीची. 29 जुलै 2025 ला स्टार प्लसवर स्मृती इराणींचं 'क्योंकि' परत आलं, साडेदहाला. महिन्याभरात कलर्सवर बिग बॉस, तेही साडेदहाला. आपल्याच दोन पोरांना एका ताटात कोण वाढतं? वाढतात, जेव्हा एकाचं खरं जेवण नऊलाच उरकलेलं असतं. तुमच्या सासूबाईंना जो भाग मिळतो तो दीड तास शिळा.

सुदामानगरची_सून

काका, हे एवढं तारीखवार कोणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. "दीड तास शिळा" ऐकून त्या जास्त चिडल्या.

पण मराठीचं काय? तिथे ॲप-बिप नव्हतं, टीव्हीवर रात्री नऊला होतं, लोक बघत होते. इंदुरात आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात लागत होतं. एवढी घरं बघतात तर ते मोजत नाहीत का?

रिलीज_ऑर्डर

ॲप तिथेही होतं ताई, जिओसिनेमावर दिसायचं. पण तुमचा मुद्दा टीव्हीचा आहे, आणि तारखा परत कामाला येतात. मराठीचे पहिले दोन सीझन, 2018 आणि 2019 चे, एप्रिल-मेमध्ये सुरू होऊन हिंदीच्या आधी संपले. तिसरा सप्टेंबर 2021 ला आणि चौथा ऑक्टोबर 2022 ला लागला, म्हणजे हिंदीच्या जोडीने चालले. 2023 ला काहीच नाही. पाचवा लागला 28 जुलै 2024 ला, तिसरा ओटीटी संपायच्या बेतात असताना, तो ऑगस्टच्या 2 तारखेला संपला. आणि मराठीची फायनल कधी? 6 ऑक्टोबर. हिंदीचा अठरावा सुरू कधी? 6 ऑक्टोबर. त्याच संध्याकाळी. जूनपासून जानेवारीपर्यंत एकामागे एक तीन गाड्या, मधल्या गाडीला पुढचं स्टेशन रिकामं करून द्यायचं होतं. 28 जुलैपासून सत्तर दिवस मोजा, बोट 5 ऑक्टोबरवर येतं, फायनलच्या आदल्या दिवशी. रंगला असता तरी आणि नसता रंगला तरी.

मोजण्याचं. हे तुम्हाला आवडणार नाही.

बार्क नावाची संस्था 2015 पासून निवडक घरांत मीटर लावून मोजते. मराठी चॅनेलचे जे आकडे बाजारात फिरतात, ज्यावर दर ठरतो, ते 'महाराष्ट्र-गोवा' या बाजाराचे असतात. मध्य प्रदेश हिंदी पट्ट्यात धरला जातो. सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग, तिकडे ग्वाल्हेरचा लष्कर भाग, सगळी मराठी घरं रात्रभर मराठी चॅनेल लावून बसली तरी त्या आकड्याला ओरखडा पडत नाही.

आमचा एक नमकीनचा क्लायंट होता, शेठ अस्सल इंदुरी, शेजार सगळा मराठी. मराठी चॅनेलवर त्याचे स्पॉट, म्हणजे जाहिरातीचे सेकंद, आम्ही घ्यायचो ते जळगाव, अकोला, नागपूरसाठी, कारण शेव तिकडे खपवायची होती. एकदा शेठ रिलीज ऑर्डर (जाहिरात लावायचा चॅनेलला जाणारा कागद) हातात धरून म्हणाला, "पूरी कॉलनी में यही सीरियल चलता है, इसका रेट कम क्यों है?" मी म्हटलं, "शेठ, आपकी कॉलनी गिनती में नहीं है. जलगाँव में नहीं चल रहा, इसलिए सस्ता है." त्याला ते पटलं नाही. सेल्सच्या पोराला बोलावून त्याने कॉलनीत घराघरांत काय लागतं ते विचारून आणायला लावलं. ते पोरगं वहीत नावं लिहून घेऊन आलं, प्रत्येक घरात त्याला चहा पाजला होता. वही शेठने फाइलला लावली, आणि स्पॉट त्याच मालिकेत घेतले. तीन महिन्यांत ती मालिका संपली.

तर ताई, चॅनेलच्या तासात बारा मिनिटं जाहिरातीची, त्यातली दोन स्वतःच्या प्रोमोंची. उरलेली दहा मिनिटं विकत घेणारा जळगावकडे बघून भाव करतो.

मांडवीकर (बडोदे)

रिलीज ऑर्डर साहेब, मराठीचं मान्य. आमच्या दांडिया बाजारातही तीच गत, गुजरातच्या डिशवाल्याच्या पॅकमध्ये मराठी चॅनेल आपोआप येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात. वडिलांसाठी आम्ही घेतो.

ओटीटीचं मात्र तुम्ही कॅलेंडरात फार अडकवलंत. दुसरा सीझन फुकट होता. तिसरा जिओसिनेमा प्रीमियमवर गेला, महिना 29 रुपये. आमच्या ऑफिसात दुसऱ्या सीझनला रोज डबा खाताना एल्विशवरून भांडणं व्हायची. तिसऱ्याला सना मकबूल जिंकली हे अर्ध्या लोकांना दुसऱ्या दिवशी बातमीत कळलं. रक्कम क्षुल्लक आहे हो, पण दर महिन्याला खात्यातून आपोआप कापून घ्यायची परवानगी द्यायची म्हटली की माणूस थबकतो. फुकटातली गर्दी पैशांत उतरली नाही, म्हणून चौथा आला नाही. क्रिकेट नसतं तरी आला नसता.

रिलीज_ऑर्डर

मांडवीकर, तुमच्या डब्याच्या टेबलावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण ते शेठच्या वहीसारखं आहे. 29 रुपयांनी गर्दी घटली असेल. तरी एक सांगा, पैसे घेतल्यामुळेच शो मेला असता तर मोठा बिग बॉस 2025 ला त्याच पैसे घेणाऱ्या ॲपवर आधी का नेला असता? ज्याच्यासाठी लोक पैसे भरतील तोच पुढे केला. पैसे भरायला लावायला धाकटा कमी पडतो, एवढं तुमचं मी घेतो. त्यानेही धाकट्याचीच नोकरी जाते.

छप्पनवाला

म्हणजे शेवटी पैसाच ना? मी तेच तर म्हटलं होतं.

सुदामानगरची_सून

छप्पनवाले भाऊ, तुम्ही भाईजानचा पैसा म्हणाला होतात.

काका, मांडवीकर, दोघांचे आभार. तोडगा असा निघालाय की पुढच्या मोठ्या सीझनला नऊचाच भाग बघायचा. नातू म्हणतो फोनवरचा प्लॅन आहेच, टीव्हीला जोडतो.

मांडवीकर (बडोदे)

ताई, तो प्लॅन नीट बघा. 2025 मध्ये तीन महिन्यांचा 149 वाला होता तो फक्त मोबाइलचा, टीव्हीवर चालायचा नाही. टीव्हीसाठी वरचा घ्यावा लागायचा. आमच्या वडिलांच्या वेळी हे फायनलच्या दिवशी कळलं आणि चार माणसं एका फोनवर वाकून बसली.

सुदामानगरची_सून

बरं झालं सांगितलंत. नातवाला कामाला लावते.

सासूबाईंचा एक शेवटचा प्रश्न, मी फक्त निरोप देते: मोजायचं ते मीटर आपल्या घरी लावून मिळतं का? त्या म्हणतात, दिवसभर मराठीच लावून ठेवीन.

रिलीज_ऑर्डर

मागून मिळत नाही. घर ते निवडतात, आणि ज्याच्याकडे लागलंय त्याने ते कोणाला सांगायचं नसतं. भजनाच्या चॅनेलचंही त्यात सगळं मोजलं जातं, एवढं त्यांच्या कानावर घाला.