काईटची लीश: पुढं आखूड की मागं लांब?

घाटाखाली:
वादाला मीच तोंड फोडतो. राधानगरीवरून फोंडा घाट उतरून तारकर्ली-देवबागला काईट (बोर्डवर उभं राहून पाण्यावर ओढून घ्यायचा मोठा पतंग) घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांना हार्नेसच्या, म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या, मागच्या हँडलला अडकवलेल्या लांब लीशची, म्हणजे माणसाला काईटशी बांधणाऱ्या दोरीची, गरज नाही. हुकमध्ये राहूनच, म्हणजे बार (काईट वळवायचा दांडा) हार्नेसच्या हुकाला जोडलेला ठेवून, बॅकरोल, फ्रंटरोल (हवेतल्या गिरक्या), ग्रॅब (हवेत बोर्ड हातानं धरणं) करत असाल तर आखूड लीश, ताण नसताना पाऊण मीटरच्या आतली, हार्नेसच्या पुढं हुकाच्या डाव्या बाजूला लावा. विषय संपला.

कारण असं. चिकन लूप म्हणजे बारला हुकाशी जोडणारा फास. त्याचं क्विक रिलीज (झटक्यात सोडायची कळ) ढकललं की लूप उघडतो, बार सेफ्टी लाईनवरून वर सरकत जातो आणि काईट एकाच फ्रंट लाईनवर चिंधीसारखा फडफडत पाण्यावर पडतो. त्यानंतर सगळा ओढा लीशवर येतो. लीश पुढं असली तर तोंड काईटकडं राहतं, पुढची लाईन गोळा करायला दोन्ही हात मोकळे मिळतात. मागं असली तर काईटकडं पाठ होते, तिकडं काय चाललंय ते दिसत नाही, आणि लीशचं स्वतःचं रिलीज, म्हणजे शेवटचा उपाय, नेमका कमरेमागं जातो. शिवाय ती लांब लीश मांडीशी लोंबत राहते. ग्रॅब करताना बोर्डच्या फिनमध्ये किंवा फूटस्ट्रॅपमध्ये गुंतायला तेवढंच पुरतं.

खासबाग_कट्टा:
हुकमधल्या माणसाबद्दल बोलताय तोवर ठीक. पण शीर्षकात मागं-पुढं असा सरसकट वाद लावलाय, म्हणून लिहितो. अनहुक होऊन, म्हणजे लूप हुकातून काढून, हँडल पास करणाऱ्याला पुढची आखूड लीश चालतच नाही.

पासमध्ये बार पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि अंग खालून पूर्ण फिरतं. लीश पुढं अडकवली असेल तर प्रत्येक पासला तिचा एक वेढा कमरेला बसतो. आखूड असेल तर त्याआधीच ताणून हातातला बार हिसकावते. आता तीच लीश मागं मधोमध धरा. उडी मारताना ती डाव्या बगलेखालून बारकडं येते, पास झाल्यावर उजव्या बगलेखालून. वेढा शून्य. म्हणून एक ते दीड मीटरची, आत बंजी (ताणणारी रबरी दोरी) असलेली लांब लीश बनवतात.

रिलीज मागं जातं हे मान्य. त्याला उपाय आहे: लीश हँडलला न बांधता हार्नेसच्या मागच्या दोरीवर सरकत्या कडीला लावायची. ओढा आला की कडी त्या बाजूच्या कमरेवर येते आणि हात पोचतो. दोरी मात्र पुरेशी लांब हवी. कडी पाठीच्या मध्यावरच अडकत असेल तर नुसता देखावा.

शिकाऊ_रंकाळा:
मधेच विचारतो, राग नको. दुकानातून आणलेल्या लीशचं कुठलं टोक कुठं लावायचं? आणि रंकाळ्यावर किंवा कळंब्यावर सराव केला तर चालेल का?

घाटाखाली:
तळ्याचं डोक्यातून काढा. कडेनं झाडं, इमारती, माणसं. वारा तुटक-तुटक येतो आणि काईट कधी कुठं पडेल याचा भरवसा नाही.

टोकांचं बरं विचारलंत, कारण इथं चूक होते. ज्या टोकाला क्विक रिलीज आहे ते अंगाकडं. कडीचं टोक बारच्या सेफ्टी लाईनच्या रिंगला, चिकन लूपला नव्हे. उलटं लावलं तर रिलीज दोरीच्या पलीकडच्या टोकाला जाईल आणि ओढा आल्यावर तिथवर हात पोचणार नाही.

मग घरीच तपासा. चिंचेच्या नाहीतर आंब्याच्या जाड फांदीला दोर टाका, हार्नेस घालून पाय जमिनीपासून वीतभर वर राहतील असं लीशवर पूर्ण वजन टाका आणि रिलीज ढकला. एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या, एकदा डोळे मिटून. खाली गादी टाका. चिकन लूपचंही तसंच. मोकळ्या हातात खटकन उघडणारं रिलीज वजनाखाली अडतं, ते इथंच कळतं. तालमीत आधी पडायला शिकवतात, त्यातलाच प्रकार.

खारे_वारे:
तुम्ही दोघं पुढं-मागं यावर भांडताय. खरा धोका लीश बारला कुठं लागते यात आहे, म्हणजे सुसाईड मोडमध्ये. लीश सेफ्टी रिंगऐवजी चिकन लूपलाच अडकवतात. पास चुकून बार सुटला तरी काईट फ्लॅग होत नाही, म्हणजे एका लाईनवर फडफडत पडत नाही, डीपॉवर होऊन (ताकद कमी होऊन) जवळच राहतो. सोय झाली खरी. पण आता चिकन लूपचं रिलीज उघडूनही फरक पडत नाही, कारण तुम्ही लूपलाच बांधलेले आहात. दोन पायऱ्यांची एक पायरी झाली: एक तर काईट तसाच जोडलेला, नाहीतर लीश सोडून काईट कायमचा गेला. लायनी गुंतून काईट आपोआप लूप (गोल गिरक्या) घ्यायला लागला तर मधला मार्गच उरत नाही.

रिलीज यंत्रणेसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे मानक निघालं. एवढं करून घडवलेलं रिलीज तुम्ही एका कडीच्या जागेनं निकामी करता.

तांबडा_पांढरा:
पुस्तकी बोलणं आहे हे. सेफ्टी रिंगवर लीश लावून पास शिकायला बसा. पहिला चुकला, काईट फ्लॅग. सेफ्टी लाईन ओढून बार जाग्यावर आणा, लूप पुन्हा जोडा, हुक व्हा, पीळ काढा, काईट उठवा. दुसरा चुकला, परत तेच. तिसऱ्याला माणूस दमून किनाऱ्यावर, आणि दमलेला माणूस समुद्रात जास्त धोक्यात असतो. जगभर पास करणारे सुसाईड लावतात ते काय खुळे आहेत काय?

माझ्या अटी आहेत. पाणी सपाट, वाऱ्याच्या दिशेला भरपूर मोकळी जागा, खाली माणूस-होडी काही नको, काईट भरगच्च ताकदीचा नको, आणि लीशचं रिलीज डोळे मिटून सापडलं पाहिजे.

खारे_वारे:
अटी छान, पण आपल्या किनाऱ्यावर एकत्र कधी जुळतात? दुपारचे खारे वारे वायव्येकडून येतात, किनाऱ्याला तिरपे. म्हणजे वाऱ्याच्या दिशेला किनाराच, आणि तिथं उभ्या होड्या, पर्यटक, रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याचे) दोर. फ्लॅग झालेला काईटसुद्धा जाळ्यात किंवा होडीच्या दोरात अडकला की लीश सोडावी लागते. सुसाईडमध्ये अडकला तर त्यात ताकदही असते. देवबागच्या संगमावर ओहोटीची ओढ असताना पाण्यात भरलेला काईट नांगरासारखा बाहेर ओढतो. तिथं मागच्या कडीवरचं रिलीज शोधत बसायला वेळ नसतो.

आणि सकाळचे मतलई वारे असताना तर पाण्यात उतरूच नये. तेव्हा लीश सोडली तर काईट समुद्रात, न सोडली तर तुम्ही.

खासबाग_कट्टा:
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये: पीळ. लीश कितीही शहाणी असो, लायनींत चार-पाच पीळ असतील तर बार वर सरकत नाही आणि काईट अर्धवट फ्लॅग होऊन ओढत राहतो. बॅकरोलनंतर बार फिरवला की वरच्या लायनी सुटतात, पण पीळ बारखालच्या मधल्या लायनींत उतरतो. तो स्विव्हल (लायनींचा फिरता सांधा) हातानं फिरवून काढायचा, प्रत्येक दोन-तीन उड्यांनी. स्विव्हलमध्ये वाळू आणि मीठ बसलं की ते फिरत नाही. दर वेळी गोड्या पाण्यानं धुवा. तेल-ग्रीस लावू नका, त्याला वाळू अजून चिकटते.

जुना बार विकत घेतलाय का? सेफ्टी लाईन पूर्ण लांबी ओढून बघा. मधे एखादी गाठ किंवा स्टॉपर राहिला असेल तर बार तिथंच थांबतो. काईटच्या पंखाच्या रुंदीइतकं तरी सरकलं पाहिजे, नाहीतर फ्लॅग नावालाच.

आणि फ्लॅग झाल्यावर सेफ्टी लाईन सोडून दुसरी कुठलीही लाईन ओढू नका, काईटमध्ये परत ताकद येते. लाईन हाताला गुंडाळायची तर नावच काढू नका.

घाटाखाली:
यावर दुमत नाही. लीशबद्दल माझं म्हणणं एवढंच सुधारतो: पास करणाऱ्यानं लांब लीश सरकत्या कडीवर, बाकी सगळ्यांनी आखूड, पुढं. दोघांनीही सेफ्टी रिंगवर. लीशचं कव्हर सरकवून आतली दोरी बघत जा. बंजी सैल पडली तर फक्त लोंबते, दोरीचे तंतू सुटले तर काईट जातो. असली लीश सरळ बदला, गाठ मारून चालवू नका.

शिकाऊ_रंकाळा:
आणि बोर्डला लीश?

खासबाग_कट्टा:
नको. बोर्ड पाण्यात रुतला की लीश ताणते आणि बोर्ड उलटा डोक्यात येतो. बॉडी ड्रॅग करून, म्हणजे काईटनं अंग पाण्यातून ओढवून घेत, बोर्डपर्यंत जायला शिका.

तांबडा_पांढरा:
माझं मत बदललेलं नाही. पास शिकणारा सुसाईडशिवाय शिकत नाही, हे मी पुन्हा म्हणतो.

खारे_वारे:
मग निदान पाण्यात उतरायच्या आधी रापण कधी आणि कुठं ओढणार ते किनाऱ्यावरच्या लोकांना विचारून घ्या. आणि तो दोर दिसला की त्या बाजूला जाताना कडी चिकन लूपवरून काढून सेफ्टी रिंगला. एका हातानं होतं ते, पण आधी वाळूवर करून बघा.