मिस्साला येणाऱ्या गरिबाच्या कपड्यांवरून बोलावे का?

प्रश्न (खानापूर तालुका)

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, रोजंदारीवर जाणारी एक बाई दोन मुलांना घेऊन येत असे. साडी स्वच्छ धुतलेली पण विरलेली, मुलांच्या पायांत रबरी चपला. ‘देवाच्या घरी तरी नीट कपड्यांत यावे’ असे तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कोणी बोलले, आणि तेव्हापासून ती दाराबाहेरच उभी राहते. ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घ्यायलाही आत येत नाही. हा चर्चचाच नियम आहे, असे बोलणाऱ्यांचे म्हणणे आहे. असा नियम खरोखर आहे का? आणि तिला पुन्हा आत कसे आणावे?

उत्तर (बेळगाव, कॅम्प)

ख्रिस्तप्रसाद घेताना आपल्या वागण्यातून आणि कपड्यांतून त्या क्षणाविषयीचा आदर, गांभीर्य आणि आनंद दिसावा, असे कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथाच्या, १३८७ व्या परिच्छेदात सांगितले आहे; मात्र कापड नवे असावे किंवा पायांत बूट असावेत, असे त्यात कुठेही नाही. स्त्रियांनी डोके झाकावे हा १९१७ च्या धर्मसंहितेतला (चर्चच्या कायद्यांच्या ग्रंथातला) नियमही १९८३ च्या संहितेत उरला नाही. उलट त्याच संहितेचे १२२१ वे कलम उपासनेच्या वेळी चर्चमधील प्रवेश मुक्त आणि विनामूल्य असावा असे बजावते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर बोलणाऱ्यांनी जरूर वाचावा. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा द्यायची आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’ म्हणायचे, या वागण्याला त्याने स्पष्ट शब्दांत पाप म्हटले आहे, आणि आपल्याकडे ती बाई आज उभीच आहे.

उत्तर (निपाणी)

आपले म्हणणे मान्य आहे, तरीही आदराचा मुद्दा सोडून देऊ नये असे मला मनापासून वाटते. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी हलाखीतही रविवारसाठी एक धडका कपडा जपून ठेवला होता. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायातल्या दाखल्यात राजाच्या मुलाच्या लग्नाच्या मेजवानीत लग्नाचा पोशाख न घातलेल्या पाहुण्याला बाहेर काढले जाते, त्याचे काय?

उत्तर (खानापूर)

ताई, त्या दाखल्यात पोशाखाविषयी राजा विचारतो. पंगतीतला दुसरा कोणताही पाहुणा विचारत नाही. जपून ठेवायला दुसरा कपडाच नसेल, तर धुतलेली साडी हाच त्या बाईचा आदर आहे, आणि ती तर धुऊनच नेसून येत होती.

प्रश्नकर्त्यांना माझे सांगणे असे की, घरातल्या एखाद्या स्त्रीने पुढच्या रविवारी तिच्याजवळ जाऊन उभे राहावे आणि मिस्सा सुरू होण्यापूर्वी तिला व मुलांना आपल्याच बाकावर घेऊन यावे. सर्वांदेखत जुन्या साड्या देऊ नयेत; ते त्या बोलण्याइतकेच लागते. जे बोलले त्यांच्याशी फादरांनी एकांतात बोलावे. मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद जवळ आला असेल, तर त्या दिवशी घालायच्या पांढऱ्या कपड्यांच्या खर्चापायी ती माउली पुन्हा मागे सरेल, म्हणून सर्व मुलांसाठी एकाच साध्या सुती कापडाचे कपडे शिवण्याचे धर्मग्रामाने, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकसमुदायाने, आताच ठरवावे आणि तो खर्च सर्वांच्या वर्गणीतून करावा.