फुकट वाटलं की किंमत नसते म्हणे!

लांज्याचा मास्तर
एका सरांची पोस्ट सध्या सगळ्या गटांवर फिरते आहे. 'चार वर्षं रात्री जागून कृतिपत्रिका केल्या, नेटवर ठेवल्या. आज त्या एका क्लासच्या छापील पुस्तिकेत सापडल्या, नाव गायब. शिक्षकांनो, फुकट वाटणं बंद करा.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

क्लासवाल्याचा राग मलाही आला. मग सरांचा आला. माझी शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी एकाच खोलीत, पट अकरा. तिसरीला वजाबाकी शिकवताना चौथीच्या हातात काहीतरी द्यावंच लागतं, रोज. ते 'काहीतरी' कुठून येतं? देवगडकडच्या कुणा बाईंनी केलेली भागाकाराची पानं माझ्या पोरांनी सोडवली. बाईंना मी आजवर पाहिलेलं नाही. त्यांनी 'बंद करा' ऐकलं असतं तर मी काय फळ्यावर उड्या मारायच्या होत्या?

चिपळूण, उपशिक्षक
भाषण छान. तुमचं काही चोरलं गेलंय का कधी? नाही ना? मग गप्प बसा. माझ्या नकाशांवर दुसऱ्याचा लोगो चिकटवून एक महाशय प्रशिक्षणात ते दाखवत होते. समोर मीच बसलो होतो. वर चहा पण मलाच आणायला सांगितला.

माजी केंद्रप्रमुख
त्या सरांनी पानावर परवाना लिहिला होता का? नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याने हक्क राखीवच असतात, क्लासवाल्याला नोटीस धाडता येते. एनआरओईआरवर, म्हणजे केंद्राच्या खुल्या शैक्षणिक साहित्याच्या भांडारावर, क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) बाय-एसए हा खुला परवाना चालतो. त्यात विकायलाही मुभा आहे, पण मूळ कर्त्याचं नाव द्यावं लागतं आणि बदललेलं पानही त्याच परवान्याने खुलं ठेवावं लागतं. विकणं नको असेल तर एनसी, म्हणजे बिगरव्यावसायिक वापराची अट, लावा. आणि जाता जाता त्याच कायद्याचं कलम १७ वाचा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो.

चिपळूण, उपशिक्षक
वा! म्हणजे रात्री अकराला माझ्या लॅपटॉपवर, माझ्या विजेवर केलेलं पान सरकारचं? मग बीएलओची म्हणजे मतदारयादीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची नवी लिंक, हे कुणाचं? त्याचाही परवाना सांगा.

दापोलीची बाई
कायदा नंतर. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ झालं. आमच्याकडे वीज नाही, रेंज नाही. सरकारच्या 'दीक्षा' अ‍ॅपवर सगळं होतं म्हणे, पुस्तकावरचा क्यूआर कोड पोरं बोटाने घासून बघायची. उपयोगाला आली ती आधी उतरवून झेरॉक्स मारलेली पानं. ती पानं दुसऱ्याच कुणाची तरी होती, हेही मान्य करते. पण उतरवून घेता येत नसेल तर तसल्या भांडाराचं करायचं काय?

मालवण, चौथीचा वर्ग
माझं दुखणं वेगळंच. मी मत्स्यबाजारावर गणिताची पत्रिका टाकली होती. 'इसवण ८०० रुपये किलो, तर पाव किलोला किती?' घाटावरच्या कुणीतरी ती 'सुधारून' परत चढवली. इसवणची सुरमई केली, पुढच्या गणितात पेडव्यांच्या जागी ज्वारीची पोती! आता शोधलं की त्यांचीच वर येते.

लांज्याचा मास्तर
अहो, बदल करायला परवानगी असते म्हणूनच तर ते खुलं. सोलापूरच्या पोराला इसवण कुठून कळणार?

मालवण, चौथीचा वर्ग
आणि माझ्या पोरांनी जन्मभर ज्वारीची पोती मोजली ती? तेव्हा कुणाला कळवळा आला नाही.

कट्टेकरी
इसवण ती इसवण. सुरमई मुंबयत ठेवा तुमची.

दापोलीची बाई
आमच्याकडेही सुरमईच म्हणतात हो. मुंबईला कशाला ओढता?

कट्टेकरी
मगे सरंग्याक काय म्हणतास?

चिपळूण, उपशिक्षक
मोठं पापलेट.

कट्टेकरी
झाला! आमच्याकडे सरंगो म्हणजे हलवो. ह्येंका मास्तर कोणी केल्यान?

माजी केंद्रप्रमुख
विषय कृपया परवान्याचा आहे.

दापोलीची बाई
विषय हाच आहे सर. एका माशाला तालुक्यागणिक नाव बदलतं, मग एकच पान साऱ्या राज्याला कसं पुरेल? मालवणचं मालवणला, सोलापूरचं सोलापूरला. फक्त मूळ पान पुसू नका आणि खाली नाव राहू द्या.

चिपळूण, उपशिक्षक
ठीक आहे. नकाशे पुन्हा टाकतो. पण प्रत्येक नकाशात समुद्राच्या मधोमध, आडवं, माझं नाव असेल. काढायला गेलात तर अर्धी किनारपट्टी जाईल.

लांज्याचा मास्तर
टाका. पोरं तुमचं नाव बेट समजून रंगवतील.

मालवण, चौथीचा वर्ग
मीही टाकतो नवी. खाली बाय-एसए. आणि इसवणच लिहिणार.

कट्टेकरी
लिव. पण बांगड्याचा चित्र नीट काढ. गेल्या खेपेक त्याची तारली झाली होती.