दातांच्या ड्रिलचा आवाज – अनुभव धागा

निवांत: शेजारी फरशी कापायचं मशीन सुरू झालं आणि हा विषय आठवला. दुखायच्या आधी पेशंटला आवाजच घाबरवतो. एअरोटर (हवेच्या दाबावर फिरणारं ड्रिल) मोकळा फिरताना मिनिटाला साधारण 3 ते 4 लाख फेरे घेतो, ती शिट्टी त्याचीच. दाताला टेकला की वेग जवळपास निम्म्यावर येतो, आवाजही उतरतो. म्हणजे आवाज सगळ्यात तीक्ष्ण असतो तेव्हा बर (ड्रिलच्या टोकाचं कापणारं पातं) दाताला लागलेलासुद्धा नसतो! हे पेशंटला आधीच सांगायला हवं. तुमच्याकडे काय करता?

पाऊसवेडी: +१. लहान मुलांना आधी तोंडाबाहेर फिरवून दाखवायचा, मग नखावर नुसता पाण्याचा फवारा, मग तोंडात. "टोचणार नाही" म्हणू नका हो, मूल त्यातलं "टोचणार" तेवढंच ऐकतं.

गवतीचहा: हेडफोन दिले तर?

कर्णफूल: शिट्टीला कानात घट्ट बसणारे बोळे बरे. नॉइज कॅन्सलिंगचा जोर घुमणाऱ्या खालच्या आवाजांवर असतो. पण मायक्रोमोटरने (हळू फिरणाऱ्या ड्रिलने) कीड काढताना उलटं होतं. ती घरघर दात-जबड्याच्या हाडातून कानात जाते, आणि कान बंद असले की जास्तच घुमते. कानात बोटं घालून "म्म्म" म्हणून बघा. तेवढ्यापुरते बोळे काढायला सांगा.

गवतीचहा: अगंबाई, खरंच की!

दुरुस्तीवाला: आवाज खरखरीत झाला तर आधी बेअरिंग बघा. ऑटोक्लेव्हआधी (वाफेने निर्जंतुक करण्याआधी) तेलाचा स्प्रे, मग 20-30 सेकंद चालवून जादा तेल बाहेर. हे राहिलं की तेल आत चिकटतं. कंप्रेसरचा दाब वाढवून वेग मिळवायला जाऊ नका, बेअरिंग लवकर जातं. बर डगमगतोय? चक (बर धरणारी पकड) ढिला. आणि बोथट बर फेका! जोर द्यावा लागतो, मशीन अडकतं, दात तापतो.

पाऊसवेडी: भूल दिल्यावरही "दुखतंय" म्हणतात, ते पुष्कळदा कंप नि आवाजाला. भुलीने ते थांबत नाहीत. तरी खालच्या दाढेच्या ब्लॉकनंतर (नसेजवळ दिलेल्या भुलीच्या इंजेक्शननंतर) 3 ते 5 मिनिटं थांबून ओठ बधिर झालाय का ते विचाराच. डावा हात वर केला की थांबायचं ठरवलं असेल तर खरंच थांबा.

गवतीचहा: अवांतर: अक्कलदाढ काढताना हाच एअरोटर?

निवांत: हाड कापायला नको. त्याची हवा ऊतींत शिरू शकते. गाल एकाएकी फुगतो, दाबला की बोटाखाली करकरतो.