रात्रीचा तो उजेड कोणी पाहिला?

बी-४०२ (काकू): ९:४२ ला गच्चीत होते. लख्ख उजेड पडला आणि कठड्याची सावली फरशीवरून सरकत गेली. अजून अंगावर काटा आहे. आणखी कोणी पाहिलं का?

ए-१०१ (काका): हो! हिरवट गोळा, पूर्वेला. समोरच्या टाकीमागेच पडला. मुलं टॉर्च घेऊन निघालीत.

सी-३०३ (ताई): काका, मुलांना थांबवा. उल्का साधारण १०० किमी उंचीवर पेटते. टाकीआड गेली म्हणून जवळ पडल्यासारखी वाटते, असते फार लांब. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. ही तर सावली पाडून गेली!

ए-१०१: उपग्रह तर नसेल कोसळलेला?

सी-३०३: तो सावकाश जातो, कधी मिनिटभरसुद्धा दिसतो. ही काही सेकंदांतच विझली ना?

ए-७०२ (दादा): मी ८० किमीवर हायवेला आहे. मला तर पश्चिमेला दिसली. माझंच काही चुकलं का?

सी-३०३: नाही दादा, तुमचं निरीक्षण तर सगळ्यात मोलाचं! ती तुमच्या आणि आमच्या मधून गेली. अशा दोन जागांच्या दिशा जुळवल्या की तिचा मार्ग निघतो, आणि तुकडे उरले असतील तर ते कुठे शोधायचे तेही कळतं. म्हणून कळकळीची विनंती, ग्रुपवर आणखी चर्चा करण्याआधी प्रत्येकाने आपापलं लिहून काढा. दुसऱ्याचं ऐकलं की आपली आठवण नकळत बदलते.

बी-४०२: आवाज काहीच नाही आला.

सी-३०३: आवाजाला १०० किमी यायला ५ मिनिटं लागतात. तोवर खिडकीच्या काचेपासून लांब राहा. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कला लोक उजेड बघायला खिडकीशी गेले आणि दोनेक मिनिटांनी धक्का आला. सुमारे १५०० जण जखमी झाले, बहुतेक फुटलेल्या काचांनी.

बी-४०२: १० मिनिटं झाली, शांत आहे.

सी-३०३: हेही लिहा काकू. इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशनच्या वेबसाइटवर अग्निगोलाचा फॉर्म आहे. उंची मुठींनी मोजा, हात ताठ धरला की एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. पण तेव्हा उभ्या होतात तिथेच जाऊन मोजा.

बी-४०२: जाऊन आले. दिसली तेव्हा क्षितिजापासून पाच मुठी, विझली तेव्हा दोन. ४ सेकंद असेल. फॉर्म भरला.

ए-१०१: मुलांनी वेगवेगळं बसून लिहिलंय. धाकटी म्हणते दोन तुकडे झाले, थोरला म्हणतो एकच होता.

सी-३०३: जुळवू नका काका. दोघांचे दोन फॉर्म भरा.